मुळं पाण्यात फुटली, पुढे काय?

मृग लागला की फांद्यांची देवाणघेवाण सुरू होते. कुणी कोलियसचा रंगीत शेंडा देतं, कुणी पानओव्याची फांदी, कुणी गावाहून येताना अंगणातल्या लाल जास्वंदीच्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणतं. शहरातल्या घरात त्या बहुतेक वेळा आधी काचेच्या बाटलीत जातात, आणि त्यात काहीच गैर नाही. माती लागत नाही, पसारा होत नाही, खिडकीच्या कट्ट्यावर वीतभर जागा पुरते आणि मुळं फुटताना डोळ्यांना दिसतात. अडचण पुढे येते. बाटलीत जितक्या फांद्या दगावतात, त्याहून कितीतरी जास्त कुंडीत गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत दगावतात. भरघोस पांढरी मुळं असलेलं टवटवीत रोप मातीत लावलं आणि आठवड्याभरात त्यानं मान टाकली, हे बाग करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. म्हणून बाटलीची कृती सांगतानाही लक्ष कुंडीकडे ठेवायला हवं.

फांदी कापली की तिच्यात काय घडतं, एवढं समजून घेतलं तर निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेनं सरकत राहतं. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ओटच्या कोंबांवरच्या प्रयोगांतून ते वेगळं काढून दाखवलं. पुढच्या काही वर्षांत हेच संप्रेरक मुळं फोडतं हेही सिद्ध झालं. नर्सरीत मिळणाऱ्या रूटिंग पावडरमध्ये त्याच जातीचं इंडोल ब्युटिरिक अॅसिड असतं. फांदी कापली की खाली सरकणारं ऑक्सिन कापाजवळ अडतं, साठतं आणि तिथल्या पेशी मुळं घडवायला लागतात. पान जिथे खोडाला चिकटतं त्या गाठीजवळच्या पेशी या कामाला सर्वांत आधी तयार असतात. म्हणून काप गाठीच्या अर्धा सेंटिमीटर खाली द्यायचा, शेंडा आणि वरची तीन-चार पानं राखायची आणि फांदी उलटी बुडवायची नाही. जास्वंदीसारख्या काडीला पानं नसली तर वरची-खालची बाजू ओळखता येत नाही. त्यासाठी तोडतानाच वरचा काप सरळ आणि खालचा तिरका द्यायची सवय लावून घ्या.

फांदी कोणती घ्यायची, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. अगदी लुसलुशीत शेंडा पाण्यात मऊ पडून कुजतो. सालीनं टणक झालेली जून फांदी महिनाभर तशीच उभी राहते. हवी ती या दोन्हींच्या मधली, हिरवी पण वाकवली तर लवण्याऐवजी कटकन मोडणारी. फुलावर आलेली फांदी शक्यतो टाळा, कारण तिची सगळी शक्ती फुलाकडे गेलेली असते. तशीच मिळाली तर कळ्या, फुलं, मंजिऱ्या खुडून टाका. पानांच्या बगलेत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे. अशी फांदी घरात आणूच नका, ती खिडकीतल्या इतर झाडांनाही लागण देईल. लांबी १० ते १५ सेंटिमीटर पुरे. झाडाला आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि फांदी सकाळी, ऊन चढायच्या आत कापा, म्हणजे ती पाण्यानं भरलेली असते. बोथट कात्रीनं खोड चिरडतं आणि चिरडलेली जागा आधी कुजते. धारदार ब्लेड स्पिरिटनं पुसून वापरा.

खालची पानं काढून टाका. पाण्यात बुडालेलं एकही पान राहता कामा नये, कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. जास्वंद, अनंत, क्रोटन यांची वर राखलेली पानं मोठी असतील तर आडवी अर्धी कापा. बिनमुळांची फांदी पानांतून जितकं पाणी उडवते तितकं खालून ओढू शकत नाही, तेव्हा पान कमी केलं की तिचा भार हलका होतो. पावसाळ्यात फांद्या सहज जगतात त्याचंही कारण हेच. हवेतच ओल असते, पानांवरचा ताण उतरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हीच फांदी सावलीतसुद्धा दोन दिवसांत कोमेजते. डिसेंबर-जानेवारीत ती कोमेजत नाही, पण थंडीमुळे मुळं फुटायला दुप्पट वेळ घेते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ महाराष्ट्रात यासाठी सर्वांत चांगला.

आता पाणी. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो, आणि बाटलीतल्या पाण्यात तो मुळातच थोडा असतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापलं की प्राणवायू कमी होतो, त्यात काही कुजत असेल तर जिवाणू उरलेलाही वापरून टाकतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाणी पूर्ण बदला, वरून भर घालू नका. जास्वंदीचा रस बुळबुळीत असल्यानं तिचं पाणी पहिले आठ दिवस रोज बदलावं लागतं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरलं तर क्लोरिन बरंचसं उडून जातं. बोअरचं पाणी खारं असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. फांदीच्या एक किंवा दोन गाठी बुडतील एवढंच पाणी हवं, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. गळ्यापर्यंत भरलेली बाटली दिसायला छान, पण बुडालेलं जास्तीचं खोड फक्त कुजतं. काचेत ऊन शिरलं की शेवाळं धरतं. औषधाची तपकिरी बाटली असेल तर उत्तम, नाहीतर साध्या बाटलीभोवती कागद गुंडाळा. जागा पूर्वेच्या खिडकीजवळची, उजेड भरपूर पण दुपारचं ऊन अंगावर येणार नाही अशी.

या पाण्याबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती डासांची आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनीप्लांटच्या बाटल्या आणि लकी बांबूची भांडी ही त्याची आवडती ठिकाणं, म्हणून तर पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर येऊन नेमकी तीच तपासतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरेसं नाही, कारण एडिसची मादी अंडी पाण्यात न सोडता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या कडेला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नवं पाणी भरलं की तीच अंडी फुटतात. २००१ मध्ये चीनहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिसची एक जात समुद्र ओलांडून पोहोचली होती. तेव्हा आठवड्यातून एकदा फांदी बाजूला काढून बाटली आतून ब्रशनं घासा, तोंड कापसानं किंवा जाळीच्या कापडानं बंद ठेवा, आणि गावाला जाताना पाण्यातली भांडी भरून ठेवून जाऊ नका. एवढं जमणार नसेल तर पाण्यातली बाग करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच.

साखर, मध, दालचिनी, अॅस्पिरिन, तांब्याचं नाणं, कोरफडीचा गर असे अनेक उपाय सांगितले जातात. पाण्यात यातलं काहीही घालू नका. साखर, मध आणि गर हे जिवाणूंचं खाद्य आहे. त्यानं पाणी लवकर नासतं, मुळं लवकर फुटत नाहीत. रूटिंग पावडर मातीत लावायच्या काडीसाठी आहे, पाण्यात ती धुऊन जाते. खतही मुळं येईपर्यंत नको.

सुरुवात करायची असेल तर भाजीच्या पिशवीतूनच करा. पुदिन्याच्या जुडीतली पानं वापरून झाली की जाड, हिरव्या, न काळवंडलेल्या काड्या निवडून पेल्यात उभ्या करा. आठवडा-दहा दिवसांत गाठीगाठीला मुळं येतात. बरेच दिवस फ्रिजमध्ये राहिलेली जुडी मात्र चालत नाही. मायाळूचा वेल भाजीवालीकडून मिळाला तर त्याची जाड खोडं चार-सहा दिवसांतच पांढरी मुळं सोडतात. हा वेल पावसाळाभर भजी आणि भाजीला पुरतो. गवती चहा घेताना नीट बघा. नुसती कापलेली पात कितीही दिवस पाण्यात ठेवली तरी तिला मूळ येणार नाही, बुडाशी पांढरा गड्डा असलेला देठ हवा. आषाढी एकादशीला आणलेल्या रताळ्यांपैकी एखादं कोंबलं असेल तर ते अर्धं पाण्यात बुडवून ठेवा. कोंब वीतभर झाले की तोडून पुन्हा पाण्यात घाला आणि मुळं येताच मोठ्या पोत्यात किंवा ड्रममध्ये लावा, वेल पसरायला पुढे पाऊस आहेच. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांनी पान आणि खोडाच्या मधून निघणारे बगलफुटवे फेकू नयेत. ते आठवड्यात मुळं धरतात आणि त्याच हंगामात दुसरं झाड मिळतं.

तुळशीचं वेगळं सांगायला हवं, कारण घरोघरी जुनी, खोड टणक झालेली कृष्ण तुळस एखाद्या थंडीत वाळते आणि मग हळहळ वाटते. पावसाळा संपायच्या आत तिच्या दोन-तीन फांद्या पाण्यात लावून ठेवा. घरातल्या रीतीप्रमाणे एकादशी-द्वादशी टाळून, मंजिरी न आलेली बाजूची फांदी घ्यावी. दहा ते पंधरा दिवसांत मुळं दिसतात. बियांपासून आलेल्या रोपाचा वास, रंग थोडा वेगळा निघू शकतो. फांदीचं रोप मात्र हुबेहूब त्याच तुळशीचं असतं. माहेरच्या वृंदावनातली तुळस आपल्या घरी हवी असेल तर हाच मार्ग.

कोलियस, पानओवा, सिंगोनियम आणि मनीप्लांट यांना कष्ट नाहीत. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. तो आपणहून जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन त्याच्यात पुरेसं तयार होत नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे आपल्या खिडकीतला वेल हा फांदीवरून फांदी करत इथवर आलेला आहे. त्याच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर ते हिरवं राहतं, कधी मुळंही सोडतं, पण गाठ नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. पानाखाली खोडावर तपकिरी उंचवटा दिसतो, तो बुडायला हवा. स्नेक प्लांटच्या नुसत्या पानाला मात्र मुळंही येतात आणि पिल्लंही, फक्त दोन-तीन महिने धीर लागतो. पिवळ्या कडांच्या जातीचं पान लावलं तर पिल्लू साधं हिरवं निघतं. ती कड हवी असेल तर गड्डाच विभागावा लागतो.

फुलझाडांत गावठी लाल जास्वंद आणि अनंत पाण्यात येतात, पण वेळ घेतात, चार ते सहा आठवडे, कधी आणखी. पेन्सिलीएवढी जाड फांदी आणि रोजची निगा हवी, घाई नको. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी बहुधा निराश करतात. कण्हेरीलाही पाण्यात मुळं फुटतात, पण तिचा चीक आणि ती ठेवलेलं पाणी दोन्ही विषारी. मुलं किंवा कुत्रं-मांजर असलेल्या घरात ती बाटली नको. मनीप्लांटचा रसही तोंडात गेला तर जळजळ करतो, हे ध्यानात असू द्या.

काही झाडांना पाणी मानवत नाही, त्यांच्यावर हट्ट करू नका. चाफ्याची फांदी सावलीत आठवडाभर सुकवून, चीक आटल्यावर वाळूमिश्रित मातीत लावायची असते. कोरफडीची बुडाशी आलेली पिल्लं वेगळी करावीत. कढीपत्त्याचं रोप बियांपासून किंवा मुळावरच्या फुटव्यापासून. मोगऱ्याची लवणारी फांदी जमिनीलगत मातीत दाबून ठेवली तर दाब कलम सहज होतं, बोगनवेलीची जाड काडी थेट मातीत लागते. नर्सरीतला मोठ्या फुलांचा गुलाब तर दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. त्याची फांदी पाण्यात घालून मूळ आलंच, तरी झाड खुंटावरच्या इतकं जोमदार होत नाही.

आता बाटलीतून कुंडीत. पाण्यात फुटलेली मुळं मातीतल्या मुळांसारखी नसतात. त्यांच्यावर पाणी शोषणारे बारीक केस फार कमी असतात, आतल्या भागात हवेच्या पोकळ्या असतात आणि ती काचेच्या काडीसारखी ठिसूळ असतात. मातीत गेल्यावर रोपाला बऱ्याच अंशी नव्यानं मुळं घडवावी लागतात. तोवर जुनी मुळं जेमतेम पुरतात. ती जितकी लांब, तितकी लावताना मोडतात आणि नव्या जागेला सरावायला वेळ लावतात. म्हणूनच मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली आणि त्यांना पहिले बारीक फाटे दिसू लागले की त्याच आठवड्यात रोप हलवा. बाटलीत मुळांचा झुपका व्हायची वाट बघू नका. ज्यांना रोप कायम पाण्यातच ठेवायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी.

पहिली कुंडी लहानच असावी, चार इंची, बुडाला भोक असलेली. मोठ्या कुंडीत माती फार काळ चिकट ओली राहते आणि मुळं गुदमरतात. बागेतली काळी माती एकटी वापरू नका. एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू एवढंच मिश्रण पुरे. चिमूटभर जुनं शेणखत चालेल, त्याहून जास्त नको. मिश्रण आधी ओलं करा. काडीनं मुळांपेक्षा रुंद खड्डा करा, मुळं सैल सोडून रोप ठेवा, बाजूनं माती भुरभुरत घाला आणि अंगठ्यानं दाबण्याऐवजी पाणी घालून बसवा. संध्याकाळची वेळ चांगली, रोपाला रात्रभर उसंत मिळते. एका कुंडीत तीन रोपं कडेकडेनं लावली तर कुंडी लवकर भरते.

पहिले दहा दिवस माती कधीही कोरडी पडू देऊ नका, कारण या मुळांना आजवर कोरडेपणा माहीतच नाही. पण बशीत पाणी साचवूनही ठेवू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून बघा, ओल लागली तर थांबा. त्यानंतर दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्या. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा एसीच्या कोरड्या खोलीत पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी काड्यांच्या आधारानं सैलसर पांघरा आणि दिवसातून एकदा उघडून हवा द्या. पावसाळ्यात पिशवीची गरज नाही, उलट धो-धो पावसापासून आडोसा हवा. काही जण बाटलीतच रोज चमचाभर माती टाकत जातात, मुळांना सवय व्हावी म्हणून. बाटलीच्या बुडाला भोक नसल्यानं त्यातून चिखल होतो आणि चिखलात हवा नसते. मला तो प्रकार पटत नाही.

लावल्यावर दुपारी पानं थोडी ढेपाळली आणि सकाळी पुन्हा उभी राहिली तर काळजी नको. खालचं एखादं पान पिवळं होऊन गळलं तरी चालेल. सकाळीही रोप वाकलेलंच दिसलं आणि माती ओली असेल, तर पाणी वाढवू नका. सावली वाढवा, दोन मोठी पानं कापा आणि पिशवी घाला. खोडाचा बुडखा काळा, मऊ पडला असेल तर ते रोप गेलं. वरचा शेंडा निरोगी असेल तर तेवढा कापून पुन्हा पाण्यात घ्या. रोप धरलं की नाही हे उपटून बघायचं नसतं. दोन-तीन आठवड्यांनी शेंड्याला नवं पान उलगडलं की समजावं. त्यानंतर सकाळचं तासभर ऊन द्यायला सुरुवात करा, आठवड्यानं ते वाढवा. तुळस, पुदिना, कोलियस यांचा शेंडा या वेळी खुडला तर बाजूचे फुटवे येतात. पातळ केलेलं गांडूळखताचं पाणी महिनाभरानंतर, आणि मुळं भोकातून डोकावू लागली की सहा इंची कुंडी.